धडा

सावद्याला, रावेर रस्त्यावर, अण्णांचा भुईकाटा.
अण्णांचा म्हणजे मालक दुसरेच,
अण्णा एकवीस वर्षं खिडकीत बसून पावत्या फाडतात.
ट्रक आधी रिकामा चढतो, मग केळी भरून.
मोठ्यातून लहान वजा. उरतं ते निव्वळ.
त्या एका वजाबाकीवर
मी सीए व्हायचं चाललंय.

संस्थेचं खोकं पोस्टानं आलं, अण्णांना हौस.
मॉड्यूल काट्यावर ठेवले. शून्य.
"वीस-वीसनं सरकतो हा, तू बी चढ."
चढले. साठ.
त्यात मी किती, पुस्तकं किती,
हे काट्याला सांगता येईना.

नोट्स मात्र हातात मावणाऱ्या.
फेगड्यांची वैजयंती पहिल्या झटक्यात सुटली
तिच्या अक्षरातली शहाण्णव पानं,
भुसावळला रज्जाकभाईंकडे स्पायरलसकट एकशे दहा रुपये.
बाण, चौकटी, तीन फुल्या म्हणजे येणारच.
एका पानाच्या कोपऱ्यात चहाचं गोल,
तेही झेरॉक्स होऊन आलेलं.
मला त्या डागाचासुद्धा भरवसा वाटायचा.

मॉड्यूल उघडला की पहिल्या परिच्छेदाला झोप.
एक वाक्य सहा ओळींचं,
त्यात तीन 'तथापि', दोन 'परंतु',
आणि एप्रिलमधली दुपार,
पंखा गरम हवा इकडून तिकडे नेणारा.
आई विचारायची, "वाचू राह्यली का निजू राह्यली व?"
मी म्हणायची, दोन्ही.

मग त्या रात्री, मानक एकोणतीस.
होईल की नाही ते ठाऊक नाही असलं देणं
वहीत घ्यावं.
वैजयंतीच्या नोट्समध्ये असंच होतं,
घ्यावं, आणि पुढे तीन फुल्या.
मी ते आंघोळ करताना म्हटलं, भाकरी मोडताना म्हटलं,
अकरा दिवस म्हटलं.
बाराव्या दिवशी सहज, खरंच सहज,
उशीला घेतलेला मॉड्यूल चाळला.
घेऊ नये.

पुन्हा नोट्स पाहिल्या, दिव्याजवळ नेऊन.
इंग्रजी ओळ उजव्या कडेपर्यंत आलेली,
कडेला कापलेल्या एका काळ्या रेघेचं टोक,
'नॉट'च्या एन्‌चा पहिला पाय.
वैजयंतीनं बरोबर लिहिलं होतं.
मशीननं कागद दोन सूत सरकवला
आणि नकार बाहेर राहिला.

अण्णांना सांगितलं. ते पावत्या लावत होते.
म्हणाले, "भांड्याचा धडा केल्याबिगर तूप मोजशील
तं भांडंच तूप म्हणून विकशील."
आणि पुढच्या गाडीचा नंबर विचारायला लागले.
धडा म्हणजे शाळेतला,
एवढंच मला आजवर वाटायचं.

दुसऱ्या दिवशी भुसावळ. रज्जाकभाईंनी गठ्ठ्यातून मूळ प्रत काढली.
मूळ म्हणजे तीही झेरॉक्स.
मी काळ्या पेननं तीन अक्षरं घातली,
जागा नव्हती, जरा तिरपी बसली.
"आता पुढच्यांना बरोबर जाईल," मी म्हटलं.
"जाईल की," ते म्हणाले. "याआधी चौदा गेल्या."
कोणाला?
त्यांनी खांदे उडवले. पोरी होत्या, पोरं होती,
एक फैजपूरचा, एकीला चोपड्याची बस पकडायची होती.

बस स्टँडवर मी उगाच
वही घेतलेल्या प्रत्येकीकडे बघत राहिले.

नोट्स टाकल्या नाहीत. टाकवत नाहीत.
पण आता रात्री जेवण झालं की
रद्द पावत्यांचा गुलाबी गठ्ठा पुढ्यात घेते,
पुढच्या बाजूला गाडीचं वजन, मागे माझं पेन,
आणि मॉड्यूल एक, पान एक,
प्रस्तावना,
जी कुणीही वाचत नाही.